आरडी ३५०: एकाच बाजूचा प्लग पुन्हा पुन्हा का मरतो?

तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. सकाळी गाडी दोन-तीन किकमध्ये सुरू होते, दोन्ही सायलेन्सर वाजतात, चौकापर्यंत सगळं ठीक. सिग्नलला थांबलं की आयडलिंग बसतं, गाडी मिसिंग करायला लागते आणि हिरवा दिवा लागल्यावर बघावं तर निम्मीच ताकद उरलेली. एक सायलेन्सर तापलेला, दुसरा नुसता कोमट. स्पार्क प्लग काढला तर काळाकुट्ट. नवा टाकला की गाडी पुन्हा पळते आणि पुढच्या रविवारी तेच. हळूहळू मालक प्लग डझनाने आणून ठेवतो, प्लग पाना सीटखाली कायमच्या मुक्कामाला जातो, आणि कोणी विचारलंच तर उत्तर तयार असतं: ‘आरडी आहे बाबा, एवढं चालायचंच.’

मला हे उत्तर पटत नाही. यामाहाने १९७३ ते १९७५ या काळात जपानमध्ये बनवलेली आरडी ३५० ही ३४७ सीसीची, दोन सिलिंडरची, हवेवर थंड होणारी टू-स्ट्रोक गाडी. सहा गिअर, रीड व्हॉल्व्ह, पुढे डिस्क ब्रेक, ३९ अश्वशक्ती. लोक ती ऑफिसला नेत आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीत उतरवत. आपल्याकडे एस्कॉर्ट्सने तीच गाडी १९८३मध्ये फरीदाबादच्या कारखान्यातून ‘राजदूत ३५०’ म्हणून काढली, तेव्हा डिस्कच्या जागी ड्रम आला आणि ताकद आधी ३०.५ व नंतर २७ अश्वशक्तीवर उतरली. पहिली ती एचटी (हाय टॉर्क), दुसरी ती एलटी (लो टॉर्क). मायलेज विचारून गाडी घेणाऱ्या देशात ती फार विकली गेली नाही, पण ज्यांनी घेतली त्यांनी रोज चालवली. दर आठवड्याला प्लग मरत असता तर कोणीच ती रोज चालवली नसती.

आता चाळीस वर्षांनी आपण जी गाडी बाळगतो ती आठवणीतली गाडी नव्हे. पाच-सहा मालक, दोन-तीन वेळा बोअर झालेले सिलिंडर, अर्धे पार्ट पुण्याच्या नाना पेठेतले, अर्धे दिल्लीच्या करोल बागेतले, आणि वायरिंग कोणी कधी केलं ते देवालाच ठाऊक. वर चालवण्याची तऱ्हाही बदलली: महिनाभर कव्हरखाली, मग रविवारी सकाळी चहाच्या टपरीपर्यंत. जुन्या दिवसांचं प्रेम असावं, मलाही आहे, पण त्या प्रेमापोटी बिघाडाला ‘स्वभाव’ म्हणायची जी सवय लागली आहे, ती मात्र गाडीच्या मुळावर येते.

आधी बघा: एक प्लग काळा की दोन्ही?

सगळं निदान या एका प्रश्नावर उभं आहे आणि नेमका हाच कोणी विचारत नाही. एक प्लग मेला की लोक दोन्ही बदलतात, जुने दोन्ही फेकून देतात आणि सगळ्यात मोठा पुरावा त्यांच्याबरोबर कचऱ्यात जातो.

दोन्ही प्लग सारखेच काळे असतील तर कारण दोन्ही सिलिंडरना सामाईक आहे. टाकीत तेल जास्त झालंय, एअर फिल्टर तुंबलाय, बॅटरी उतरली आहे, प्लगचा नंबर गाडी चालवण्याच्या पद्धतीला जुळत नाही किंवा गाडी नीट तापायच्या आतच बंद होते आहे. एकच प्लग काळा पडत असेल तर वरच्यातलं काहीही कारण असू शकत नाही. पेट्रोल एकाच टाकीतून येतं, बॅटरी एकच, चालवणारा एकच. म्हणजे दोष त्या बाजूच्या स्वतंत्र पार्टमध्ये आहे: कॉइल, पॉइंट (स्पार्कची वेळ ठरवणारा स्विच), कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा), कार्बुरेटर, रीड (मिश्रण आत घेणारी झडप), ऑटोल्यूबची, म्हणजे आपोआप तेल देणाऱ्या पंपाची नळी, क्रँक सील (क्रँककेस हवाबंद ठेवणारं रबर). आरडीत यातलं प्रत्येक बाजूला वेगळं आहे. सिंगल सिलिंडर गाडीवाल्याला तुलना करायला काही नसतं. आपल्याकडे बिघडलेल्या सिलिंडरशेजारीच चालू सिलिंडर बसलेला आहे.

डावा-उजवा नेहमी गाडीवर बसल्यावरचा धरा. फोनवर मेकॅनिकशी बोलताना यावरून फार गोंधळ होतो.

दुसरा प्रश्न: काळा कोरडा की काळा ओला? बोटाने पुसून काजळीसारखी कोरडी भुकटी येत असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा स्पार्क कमजोर आहे. चिकट, तेलकट, चकाकणारा थर असेल तर तेल कुठून तरी आत येतंय. तो तेलकट थर हुंगा. टू-टी (टू-स्ट्रोकच्या) तेलाचा आणि गिअर ऑइलचा वास वेगळा असतो, दोन वेळा हुंगलं की नाकाला कळतं.

अदलाबदल करा, खरेदी नंतर

प्लग काळा कोरडा असेल तर सुरुवात विजेपासून. नवीन काहीही विकत न आणता हे करता येतं. दोन्ही प्लग एकमेकांच्या जागी लावा आणि चालवा. काळा होण्याचा रोग प्लगबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर प्लगच वाईट होता, विषय संपला. नाही गेला तर पुढचा पार्ट. प्लगकॅप अदलाबदल करा. मल्टिमीटर असेल तर कॅपचा रेझिस्टन्स मोजा. रेझिस्टर असलेल्या एनजीके कॅपला साधारण ५ किलोओम दाखवायला हवेत. जुन्या कॅपमध्ये हा आकडा वाट्टेल तिथे गेलेला असतो.

मग कॉइल. इथे एक खबरदारी. नुसत्या प्लगच्या जाड वायरी डावी-उजवी करून चालत नाही. आरडीचे दोन पिस्टन १८० अंशांवर आहेत, एक वर तेव्हा दुसरा खाली. नुसती जाड वायर बदलली तर पिस्टन तळाला असताना स्पार्क पडेल आणि गाडी सुरूच होणार नाही. कॉइल बदलायची तर पॉइंटकडून येणारी बारीक वायर आणि प्लगकडे जाणारी जाड वायर, दोन्ही टोकं हलवा. कंडेन्सरचंही तसंच. एका वेळी एकच पार्ट हलवायचा, मग गाडी त्याच रस्त्याने, तेवढंच अंतर चालवायची. एकाच दुपारी कॉइल, कंडेन्सर, प्लग, कॅप सगळं बदललं आणि गाडी सुधारली, तर काय बिघडलं होतं हे तुम्हाला कळलेलंच नाही, आणि तुमच्या हातात चांगले पार्ट ‘खराब’ म्हणून पडले.

माझ्या पाहण्यात कोरड्या काळ्या प्लगमागे सर्वांत जास्त वेळा कंडेन्सर निघतो. त्याची खूण अशी की गाडी थंड असताना उत्तम चालते आणि तापली की एक सिलिंडर सोडते. पॉइंटचं कव्हर काढून अंधारात इंजिन चालू ठेवा. एका पॉइंटवर बारीक निळसर ठिणगी असेल तर ठीक. दुसऱ्यावर मोठ्या पिवळट ठिणग्या उडत असतील तर त्या बाजूचा कंडेन्सर गेला. असे पॉइंट घासून साफ केले तरी काही दिवसांत पुन्हा जळतात आणि मग लोक म्हणतात, हल्ली पॉइंटच वाईट येतात. हल्ली कंडेन्सर वाईट येतात, हे जास्त खरं आहे. बाजारात नवीन म्हणून मिळणारा कंडेन्सर डबीतूनच मेलेला निघू शकतो, म्हणून नवा टाकल्यावरही अदलाबदलीची परीक्षा घ्या.

पॉइंटचा गॅप ०.३ ते ०.४ मिमी. पॉइंटची टाच कॅमवर झिजत जाते, तसा गॅप कमी होतो आणि टायमिंग उशिरा पडू लागतं. दोन्ही टाचा सारख्या झिजत नाहीत, म्हणून मागच्या वर्षी नीट जुळवलेल्या गाडीत आज एकच सिलिंडर आळशी होतो. कॅमवरच्या फेल्टला ग्रीसचा बारीकसा हात द्या, लोक हे विसरतात. टायमिंग लावताना प्लगच्या भोकात डायल गेज बसवा. जपानी आरडी ३५०चा आकडा पिस्टन टॉपला यायच्या २.० मिमी आधी, हा आहे. आधी मुख्य प्लेट फिरवून एका सिलिंडरचं टायमिंग, मग छोटी प्लेट सरकवून दुसऱ्याचं. उलट केलंत तर दुसरं लावताना पहिलं हलतं. ‘कानाने टायमिंग लावतो’ म्हणणाऱ्या उस्तादांबद्दल मला आदर आहे, पण दोन सिलिंडरच्या गाडीत कान दोन्हींची सरासरी ऐकतो.

बॅटरीचं थोडक्यात. ही इग्निशन बॅटरीवर चालते. अल्टरनेटरचे कार्बन ब्रश झिजले की चार्जिंग पडतं आणि दिवे लावून हळू चालवताना स्पार्क कमजोर होतो. त्याने खरं तर दोन्ही प्लग काळे पडायला हवेत. पण एक कॉइल आधीच अशक्त असेल तर पहिला बळी तीच जाते. म्हणून अदलाबदल करण्याआधी बॅटरी चार्ज करून घ्या, नाहीतर निकाल फसवा येईल.

कार्बुरेटर

वीज निर्दोष ठरली आणि प्लग अजून कोरडाच काळा पडतोय, तर त्या बाजूचा कार्बुरेटर खोला. महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाड्यांत आजकाल इथेच घोळ असतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणात किंवा पावसाळ्यात कुठेही, फ्लोट बाउलच्या तळाशी त्याचा पांढरट, चिकट साका बसतो. आयडलिंगला पेट्रोल देणारा स्लोजेट आधी तुंबतो. एका बाजूचा जेट तुंबला की तो सिलिंडर आयडलिंगला काम करत नाही. मग मालक आयडलिंगचा स्क्रू वर घेतो, चोक ओढून ठेवतो, आणि काळा प्लग तयार होतो. म्हणजे प्लग काळा आहे यावरून पेट्रोल जास्तच जातंय असं लगेच मानू नका. कमी जातंय म्हणून कोणीतरी वरून जास्त सोडलेलं असू शकतं.

चोकची दांडी बंद जागेवर असली तरी आतल्या प्लंजरच्या टोकाचं रबर कडक झालं असेल तर चोक पूर्ण बंद होत नाही आणि पेट्रोल गळत राहतं. बाउलमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या निडलचंही तेच. गाडी साइड स्टँडवर उभी करायची सवय असेल तर ती डावीकडे कलते, रात्रभर गळलेलं पेट्रोल डाव्या बाजूला जमतं आणि सकाळी डावा प्लग भिजलेला सापडतो. पेट्रोलचा कॉक बंद करून डबल स्टँडवर लावून बघा. तेवढ्याने फरक पडला तर निडल गळते असं समजा. डबल स्टँडने रोग लपला, बरा झालेला नाही.

एअर स्क्रू साधारण दीड फेरा बाहेर. या कार्बुरेटरमध्ये स्क्रू बाहेर घेतला की हवा वाढते, आत घेतला की पेट्रोल. फोर-स्ट्रोकवर हात बसलेली काही मंडळी उलट फिरवतात. त्यानंतर दोन्ही स्लाइड (थ्रॉटल देताच कार्बुरेटरमध्ये वर जाणाऱ्या झडपा) एकदम उचलल्या जातात का ते बघा: एअर फिल्टरचे रबर काढा, दोन्ही कार्बुरेटरच्या तोंडात एकेक बोट घाला आणि दुसऱ्याला हळूच थ्रॉटल द्यायला सांगा. एक स्लाइड आधी हलली तर ती बाजू सगळं ओझं वाहते आणि दुसरी नुसती मागून फरपटते. केबलचे अॅडजस्टर फिरवून हे दहा मिनिटांत जुळतं.

रीड बघायची राहिली. रीडचा पिंजरा काढून उजेडाकडे धरा. पाती बसलेल्या जागेतून उजेड दिसत असेल किंवा पातीचा कोपरा तुटला असेल तर पात्या बदला. आणि तुटलेला तुकडा कुठे गेला ते शोधा, तो गाडीबाहेर पडलेला नसतो.

प्लग ओला, तेलकट असेल तर

इथे दोनच आरोपी आहेत.

पहिला ऑटोल्यूब पंप. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांचा पंप काढून भोक बुजवलेलं असतं आणि तेल पेट्रोलमध्येच मिसळतात, लिटरला ३० ते ४० मिली. पंप नसेल तर हा आरोपी सुटला. पंप असेल तर प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या शेवटी एक छोटा चेक व्हॉल्व्ह असतो, स्प्रिंग आणि गोळीचा. तो थकला की उभ्या गाडीत तेलाच्या टाकीतलं तेल आपोआप झिरपत सिलिंडरकडे जातं. सकाळी किक मारली की एकाच सायलेन्सरमधून गल्ली भरेल इतका धूर येतो, आणि दोन किलोमीटरवर प्लग मरतो. परीक्षा सोपी आहे: रात्री ती नळी सोडून तिचं टोक कोऱ्या कागदावर ठेवा. सकाळी कागदावर तेल दिसायला नको. नळी परत लावल्यावर पंपातली हवा काढायला विसरू नका; तेलाच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर प्लग नाही, पिस्टन जाईल.

पंपही चालू आणि पेट्रोलच्या टाकीतही तेल, असा ‘सुरक्षिततेसाठी’ दुहेरी डोस देणारे भेटतात. त्याने दोन्ही प्लग जातात. आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात येत नाही. जेट तोच राहिला आणि पेट्रोलमध्ये तेल वाढवलं, तर त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं. इंजिन तेलाने माखलेलं आणि तरीही लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त), अशी अवस्था होते.

दुसरा आरोपी उजवं क्रँक सील. उजव्या बाजूला क्लच आहे, म्हणजे गिअर ऑइल. ते सील कडक झालं की क्रँककेसमधली ओढ गिअर ऑइल आत खेचते. खुणा ठरलेल्या: उजवा प्लग तेलकट, उजव्या सायलेन्सरमधून गाडी तापली तरी न थांबणारा दाट धूर, त्याला गिअर ऑइलचा वास, आणि खाली एक थेंबही न गळता गिअर ऑइलची पातळी उतरत जाणं. ही शेवटची खूण पक्की. ऑइल बदलताना मोजून भरा, पुढच्या वेळी मोजून काढा.

डाव्या सीलचा प्रकार वेगळा. तिथे बाहेर तेल नाही, अल्टरनेटर आहे, म्हणून ते फाटलं की आत हवा शिरते. प्लग काळा नाही, पांढरट पडतो, थ्रॉटल सोडल्यावर आयडलिंग खाली यायला वेळ लावतं, आणि शेवटी पिस्टन सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. ज्यांचा डावा प्लग अचानक ‘छान स्वच्छ’ दिसायला लागला आहे त्यांनी खूश होऊ नये.

सीलची खात्री करायला इंजिन उघडावं लागत नाही. सायलेन्सर आणि कार्बुरेटर काढून चारही तोंडं रबर आणि पत्र्याच्या पट्टीने बंद करा, एका ठिकाणी नळी ठेवा आणि ६ पीएसआय हवा भरा. घरात रक्तदाब मोजायचं पंपाचं जुनं यंत्र असेल तर त्याचा रबरी फुगा आणि गेज इथे नेमकं कामाला येतं: त्यावरचे ३०० म्हणजे जवळपास ५.८ पीएसआय. त्याहून जास्त दाब देऊ नका, चांगलं सीलही उलटेल. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरत असेल तर साबणाचं पाणी लावून फेस कुठे येतो ते शोधा. डावं सील, सिलिंडरच्या बुडाचं गॅस्केट, रीडच्या पिंजऱ्याचं गॅस्केट, सगळीकडे. फेस कुठेच नाही आणि दाब तरीही उतरतोय, तर गिअर ऑइल भरायच्या भोकाशी कान लावा. तिथून फुसफुस ऐकू आली तर उजवं सील. दोन्ही सिलिंडर एकदमच बंद करायला हवेत, कारण मधलं सील लॅबिरिंथ प्रकारचं आहे. ते इंजिन फिरतानाच काम करतं, थांबलेल्या इंजिनात हवा एका बाजूकडून दुसरीकडे जाऊ देतं.

सील घ्यायचीच तर व्हिटॉन रबराची घ्या, इथेनॉलपुढे नेहमीच्या नायट्राइल रबरापेक्षा ती जास्त टिकतात. ‘इंजिन न उघडता सील उपटून बसवून देतो’ असं सांगणारे मेकॅनिक आहेत. माझं मत विरोधात आहे. सील म्हातारं झालं म्हणजे बेअरिंगही त्याच वयाचं आहे, आणि डगमगणाऱ्या क्रँकवर बसवलेलं नवं सील लवकरच पुन्हा फाटतं.

प्लगचा नंबर, सगळ्यात शेवटी

जपानी गाडीचा मूळ प्लग एनजीके बी८एचएस. फक्त शहरात हळू चालवत असाल तर बी७एचएस चालतो. एनजीकेत आकडा लहान तितका प्लग गरम, म्हणजे स्वतःवरची काजळी जास्त जाळणारा. बॉशच्या हल्लीच्या नंबरात हे उलट आहे, मोठा आकडा तो गरम. दुकानदाराने ‘हाच चालतो’ म्हणून हातात दिलेला प्लग लावण्याआधी हे तपासा. खंबाटकी किंवा आंबा घाट पूर्ण दमात चढायचा असेल तर परत ८ नंबर लावा. घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गाडी लोटत नेऊ नका. टू-स्ट्रोकला तेल थ्रॉटलबरोबर मिळतं. अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्या, म्हणजे तेलही पोचतं आणि पायथ्याला पोचेपर्यंत प्लगवर कच्चं मिश्रण साचत नाही.

आणि गरम प्लग टाकून एका बाजूचा रोग दाबू नका. उजवीकडे ६ नंबर, डावीकडे ८ नंबर अशी गाडी विकायला आलेली पाहिली आहे. मालक म्हणाला, सेटिंग आहे. गिअर ऑइलची पट्टी काढून बघितली तर टोकाला ऑइल लागेना.

दुरुस्ती झाल्यावर दोन्ही बाजूंना नवे, एकाच नंबरचे प्लग लावा. गाडी पूर्ण तापवा, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये पाऊण थ्रॉटलवर थोडी ओढा, मग चावी बंद करून त्याच क्षणी क्लच दाबा आणि गाडी कडेला घ्या. दोन्ही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. बिस्किटासारखा तपकिरी रंग दोन्हीवर सारखा हवा. एक गडद, एक फिका असेल तर काम अर्धंच झालंय. परत अदलाबदलीपासून सुरू करा, आणि या वेळी कार्बुरेटरच्या स्लाइड आधी तपासा.